तीन आठवड्यांच्या बाई



बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिले नव्हते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, महिनाभर डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला बंदी केली होती. आता लख्ख दिसते आहे आणि दिसते ते लिहिल्यावाचून राहवत नाही. आज जे लिहिते आहे ते आमच्या नातेवाइकांपैकी काहींना लागेल. लागू दे. आत्याचे बोलणे आजवर कोणाला लागले नाही?

माझ्या एका भाच्याची मुलगी न्यू जर्सीत वाढली आहे. अठरा वर्षांची, हुशार, गोड मुलगी. येत्या उन्हाळ्यात ती आफ्रिकेत, टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी शहराजवळच्या एका खेड्यात तीन आठवडे 'व्हॉलंटियर' म्हणून जाणार आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवणार, एका भिंतीला रंग देणार, आणि शेवटचे चार दिवस सिंह-हत्ती बघणार. यासाठी तिच्या आईवडिलांनी एका कंपनीला भरपूर फी भरली आहे. ही बातमी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पाऊस पडला. एका मेहुण्यांनी तर "आपल्या घराण्यात मदर तेरेसा जन्मल्या" असे लिहिले.

मदर तेरेसा १९२९ साली भारतात आल्या, बंगाली शिकल्या आणि १९९७ साली कलकत्त्यातच गेल्या. त्यांच्या कामाबद्दल कोणाचे काहीही मत असो, पण ही अडुसष्ट वर्षे झाली. तीन आठवडे नव्हेत.

माझे म्हणणे सरळ आहे. तीन आठवड्यांचे शिकवणे म्हणजे सेवा नव्हे, ती सहल आहे, आणि या सहलीत बघायची स्थळे म्हणजे दुसऱ्यांची मुले. त्या पोरीचा यात फारसा दोष नाही. दोष आपला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा.

मी तेहेतीस वर्षे अंबरनाथला मराठी शाळेत शिकवले. दरवर्षी डी.एड.चे छात्राध्यापक सरावपाठ घ्यायला आमच्या वर्गांवर यायचे. ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना हे चांगले आठवेल. इस्त्रीची साडी, रंगीत तक्ते, खडूचे नवे कोरे खोके, पुठ्ठ्याची घड्याळे. मुले खूश! नवीन ताई, रोज नवीन खेळ, गृहपाठ नाही. मुलेही फार चतुर असतात, पाहुण्यासमोर कसे वागायचे ते त्यांना बरोबर कळते. येत असलेलेच उत्तर पुन्हा नव्याने शोधल्यासारखे करून देतात. छात्राध्यापिका डोळ्यांत पाणी आणून निरोप घेई, मुले भेटकार्डे देत. आणि सोमवारी मी वर्गात गेले की हातच्याची वजाबाकी जिथे सोडली होती तिथून चार पावले मागे गेलेली असे. पुढचा आठवडा वर्ग ताळ्यावर आणण्यात जाई.

पण त्या छात्राध्यापिकेला मुलांची भाषा येत असे. तिच्या पाठाचे टाचण आधी तपासलेले असे. आणि मुख्य म्हणजे वर्गात शेवटच्या बाकावर मी बसलेली असे, चुकले की सांगायला. मोशीच्या त्या वर्गात शेवटच्या बाकावर कोण बसणार आहे? फी भरून आलेल्या पाहुणीला "बाई, तुमचे चुकले" असे कोण सांगेल?

भाषेचे तर बोलायलाच नको. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळेचे माध्यम स्वाहिली आहे. गरिबीचा नाइलाज म्हणून नव्हे, तर त्या देशाने विचार करून घेतलेला तो निर्णय आहे. त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मुळात शाळामास्तर. लोक त्यांना शेवटपर्यंत 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणत. राष्ट्राध्यक्षपदाचा कारभार बघता बघता त्यांनी शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणले. (आपल्याकडच्या राज्यकर्त्यांनी मराठी शाळांसाठी काय आणले ते लिहायला बसले तर हा लेख लांबेल. असो.) अशा देशातल्या दुसरी-तिसरीच्या मुलांसमोर आमची नात इंग्रजीत उभी राहणार. तिला स्वाहिलीतले दहा शब्द येत नाहीत. तिला मराठीही वाचता येत नाही, पण ते तिच्या बापाशी वेगळे भांडायचे आहे.

म्हणजे परक्या देशातून येऊन खेड्यात काम करूच नये का? असे मी कुठे म्हणते? उलट आपल्या महाराष्ट्रानेच याची इतकी चांगली माणसे पाहिली आहेत की तीन आठवड्यांचे कौतुक निदान आपल्याला तरी होऊ नये.

विक्रोळीचेच घ्या. लोकलने रोज विक्रोळीवरून जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की जिमी कार्टर या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या आईने तिथे काम केले आहे? लिलियन कार्टर. शिकलेली नर्स, जॉर्जियातल्या प्लेन्स गावची. १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, नवरा वारल्यावर ही बाई 'पीस कोअर'मध्ये दाखल झाली. आधी प्रशिक्षण, मग विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत कुटुंबनियोजनाचे आणि दवाखान्याचे काम. मुलगा राष्ट्राध्यक्ष व्हायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता, म्हणजे कोणी हारतुरे घेऊन उभे नव्हते. जवळजवळ दोन वर्षे ती राहिली. तिने घरी लिहिलेल्या पत्रांचे पुढे १९७७ साली पुस्तकही निघाले. पीस कोअरची माणसे भारतात १९६१ पासून १९७६ पर्यंत येत होती, चार हजारांहून अधिक आली, खेडोपाडी कोंबड्यापालनापासून शेतीपर्यंत कामे केली. त्यांच्यावर टीका करण्यासारखेही पुष्कळ आहे, विशीतली मुले आपल्या शेतकऱ्यांना शेती काय शिकवणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण त्यांना दोन वर्षांची मुदत होती, निघण्याआधी भाषेचे धडे होते, आणि निर्वाहाइतका भत्ता होता. जाणाऱ्याने फी भरायची आणि बदल्यात अनुभव घ्यायचा, असा तो बाजार नव्हता.

त्याहून मोठी उदाहरणे म्हणजे फलटणच्या मॅक्सीन बर्नसन आणि कासेगावच्या गेल ऑम्वेट.

मॅक्सीनबाई साठच्या दशकात अमेरिकेतून आल्या. फलटणला लोक कसे मराठी बोलतात याचा त्यांनी अभ्यास केला, त्यावर पीएच.डी. केली. म्हणजे बघा, शिकवण्याआधी ऐकले. कित्येक वर्षे ऐकले. १९७८ साली भारताचे नागरिकत्व घेतले. शाळेत न टिकणाऱ्या वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून सुरुवात करून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मग कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. मूल घरी जशी बोली बोलते तिला अशुद्ध म्हणून हिणवायचे नाही, तिथूनच त्याला वाचनाकडे न्यायचे, हे त्यांच्या कामातले मला सर्वात पटलेले. आम्ही मराठीच्या बाई असून 'आनी-पानी' म्हणणाऱ्या पोरांच्या वहीत लाल शाई ओतणाऱ्या कितीतरी जणी माझ्या ओळखीच्या आहेत! परदेशातून आलेल्या बाईला कळले ते त्यांना कळले नाही.

गेलबाईंना 'व्हॉलंटियर' म्हटलेले आवडले नसते, त्या चळवळीतल्या. जन्म मिनिआपोलिसचा, १९४१ चा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीवर आणि ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला, भारत पाटणकरांशी लग्न केले, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला सासरी राहिल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. दुष्काळी भागातल्या पाण्याच्या लढ्यात, परित्यक्ता बायकांच्या प्रश्नात, मोर्चात लोकांबरोबर चालल्या. २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावातच त्यांचे निधन झाले. त्यांची सगळी मते मला पटत होती असे नाही. पण वाद घालायला माणूस समोर राहावे लागते ना! तीन आठवड्यांनी विमानात बसणाऱ्याशी गाव वाद कसा घालणार? तुमचे चुकले हे ज्याला गाव सांगू शकते, तोच गावाचा कार्यकर्ता.

आणि उलट दिशेने गेलेले आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. बाकीचे आपापले काम करून परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्या नर्सशी लग्न केले, डोंगराळ खेड्यांतून जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. आमच्या पिढीला ते शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ठाऊक. न्यू जर्सीतल्या पोरीला हे कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. आता मी सांगणार आहे.

सोलापूरवरून आठवले. हा भाग मंडळींनी नीट वाचावा, कारण आफ्रिका आणि महाराष्ट्र यांचा खरा धागा इथे आहे.

गावोगावी बोअरवेलवर दिसणारा तो लोखंडी हातपंप, लांब दांड्याचा, खटॅक-खटॅक करणारा, त्याचे नाव 'इंडिया मार्क टू'. सत्तरच्या दशकात दुष्काळानंतर बोअरवेली तर खूप खणल्या गेल्या, पण त्यावर बसवलेले बिडाचे पंप थोड्या दिवसांत मोडून पडायचे. ते घरगुती वापरासाठी बनवलेले, दिवसभर अख्ख्या गावाचा मारा सोसणार कसे? त्या वेळी टिकत होते ते जालना आणि सोलापूरकडचे पंप, मिशनच्या विहिरींच्या कामाच्या आसपास हळूहळू तयार झालेले. सोलापूरचा पंप तर पदवी-बिदवी नसलेल्या, स्वतःच शिकलेल्या एका मिस्त्रीच्या हातचा. भारत सरकार आणि युनिसेफ यांनी तोच नमुना पुढे नेला, वापरून बघितला, मोडला, सुधारला, पुन्हा वापरला. अशी वर्षे घालवून इंडिया मार्क टू झाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे पन्नास लाख पंप बसले होते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत आजही बाया त्याच दांड्यावर पाणी भरतात.

आता दुसरा पंप बघा. 'प्लेपंप'. खेड्यातल्या शाळेत गोल फिरणारे चक्र बसवायचे, मुले खेळतील, चक्र फिरेल, पाणी वर टाकीत चढेल. ऐकायला किती गोड! फोटोत तर त्याहून गोड. २००६ साली अमेरिकेत बड्या बड्या लोकांच्या उपस्थितीत सहा कोटी डॉलरची मोहीम जाहीर झाली, २०१० पर्यंत आफ्रिकेत चार हजार प्लेपंप बसवायचे ठरले. काही ठिकाणी चांगले चालणारे साधे हातपंप काढून हे बसवले. मग उघडकीला आले की मुले काही दिवसभर खेळत नाहीत. खेळून दमली की घरी जातात. मागे उरलेल्या म्हाताऱ्या बायकांना ते चक्र वाकून वाकून हाताने ढकलावे लागले. मोडले तर दुरुस्त करणारा माणूस जवळ नाही. २००९ साली इंग्लंडच्या 'गार्डियन'ने हिशेब मांडला की ठरवलेले पाणी काढायला मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावे लागेल. चौथीच्या मुलालाही दिवसाचे तास किती ते येते! २०१० च्या सुमारास ती मोहीम गुंडाळली गेली.

मिस्त्री गावाजवळ राहत होता, म्हणून पंप मोडला की लोक त्याच्याकडे येत. त्याला मोडका पंप बघावाच लागे. प्लेपंपवाल्यांनी उद्घाटनाचा पंप बघितला. तीन आठवड्यांच्या बाईलासुद्धा उद्घाटनाचाच वर्ग दिसणार.

आणि सगळेच काही वेळ फुकट जाण्यावर थांबत नाही. युगांडात जिंजा इथे एका अमेरिकन तरुणीने धर्मकार्य म्हणून कुपोषित मुलांचे केंद्र काढले. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. २०१० ते २०१५ या काळात त्या केंद्रात शंभरावर मुले दगावली. २०१९ साली दोन मातांनी कोर्टात दावा लावला, २०२० मध्ये दोष मान्य न करता पैसे देऊन तडजोड झाली. त्या मुलीच्या मनात वाईट होते असे मला वाटत नाही. पण न्यू जर्सीत किंवा बदलापुरात अशी वीस वर्षांची पोर कोणी मुलांच्या वॉर्डात उभी तरी केली असती का? तिथे चालते, कारण मुले काळी आणि गरीब. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ च्या कायद्याच्या वेळी हे मान्य केले की पाहुण्यांना दाखवण्यासाठी मुलांना घरातून उचलून अनाथालयात भरणे ही गुलामगिरीच आहे. आईबाप जिवंत असलेली 'अनाथ' मुले! बघायला येणारे पैसे घेऊन येतात, म्हणून त्यांना दाखवायला मुले लागतात.

हे सगळे ग्रुपवर थोडक्यात लिहिले तर उत्तरे आली. "आत्या, काहीच न करण्यापेक्षा हे बरे ना?" नाही. शिंप्याला कापड कापता येत नसेल तर काहीच न कापणे बरे. "तिला जग कळेल." मग कळू दे की! पाहुणी म्हणून जा, हॉटेलात राहा, पैसे मोजून जेवा, डोंगर बघा, लोकांशी बोला. पर्यटन म्हणजे पाप नाही. पण त्याला सेवा म्हणू नका आणि कॉलेजच्या अर्जात तसे लिहू नका. इव्हान इलिच नावाच्या विचारवंत पाद्र्याने १९६८ सालीच मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर हेच सांगितले होते. बघायला या, मदत करायला येऊ नका. आणि हो, विमान, फी, लसी, विमा यांचा एकत्र हिशेब केला तर तिथल्या एखाद्या शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार त्यात सहज निघेल. त्या शिक्षकाला स्वाहिली येते, शिवाय तो जूनमध्ये असेल आणि ऑक्टोबरातही असेल.

एका भाचीने मात्र खरा प्रश्न विचारला. "मग महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वेळी?" २७ जुलै २०१९. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात गाडी अडकली, हजारावर प्रवासी, चहूकडे उल्हास नदीचे पाणी. बोटी आल्या, नौदलाचे हेलिकॉप्टर आले, आणि आसपासच्या गावांतले लोक धावले. तिथे कोणी भाषा शिकत बसले नाही. बरोबर आहे. बुडत्याला हात देण्यास क्षण पुरतो. पण टांझानियातले दुसरीचे मूल बुडत नाहीये, ते गुणाकार शिकते आहे. पूर ओसरतो, शाळा रोज असते.

आता आपल्या अंगणात या. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी बदलापूर-अंबरनाथचे बरेच आहेत, म्हणून सांगते. दिवाळीत आपल्या सोसायट्यांतून, मंडळांतून, ज्येष्ठ नागरिकांच्या संघांतून गाड्या भरून मंडळी कातकरी-ठाकरांच्या पाड्यांवर फराळ वाटायला जातात. लाडू, चकल्या, जुने कपडे. एका रांगेत पोरे उभी करायची, फोटो काढायचे, दुपारी एखाद्या फार्महाउसवर जेवायचे. हे तीन आठवड्यांचेही नाही, तीन तासांचे. न्यू जर्सीतल्या पोरीला मी काय बोलू, तिने हे आपल्याच घरात बघितले आहे. दोन वर्षांपूर्वी ती इथे आली होती तेव्हा असाच एक फोटो तिचाही काढला होता.

आणि दिवाळी संपली की काय होते ते फोटो काढणाऱ्यांना ठाऊक नसते. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला पावसाळ्यापर्यंत तिकडेच. पोरे बरोबर जातात. शाळेच्या पटावर नाव राहते, मूल नसते. मी शिकवत होते तेव्हाही जून-जुलैत आलेली कातकऱ्यांची दोन-तीन मुले दिवाळीनंतर दिसायची नाहीत. चकलीने यातले काय बदलते? तिकडे बारवी धरणाची उंची वाढवताना गावे-पाडे उठले, आणि ते पाणी उल्हासनगरला आणि कारखान्यांना येते. ज्यांचे आपण देणे लागतो त्यांना आपण दान देऊन येतो आणि वर धन्यवादाची अपेक्षा धरतो.

काम करायचेच तर ते फार कंटाळवाणे आहे, हे आधी सांगते. जातीचा दाखला. कातकरी ही महाराष्ट्रातल्या अतिमागास ठरवलेल्या आदिम जमातींपैकी एक, पण दाखला नाही तर शिष्यवृत्ती नाही, आश्रमशाळेतला प्रवेश अडतो. दाखल्याला पुरावा लागतो. आजोबा कुठे जन्मले याचा कागद ज्या घरात कधी नव्हताच, तिथे तो उभा करायचा म्हणजे शाळांची जुनी रजिस्टरे धुंडाळायची, अर्ज लिहायचा, कचेरीत जायचे, साहेब नसले की परत जायचे. त्या घरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती धरून चालायचे. याचा फोटो चांगला येत नाही. आपल्याकडे पेन्शन आहे, वेळ आहे, अक्षर बरे आहे आणि कचेरीत बोलायची सवय आहे. एक पाडा, दोन वर्षे, वीस दाखले. आमच्या संघाच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे, फराळाच्या वर्गणीत मी यंदा पैसे घालणार नाही हेही सांगणार आहे. सेक्रेटरी रागावतील.

राहिली आमची नात. तिला मी मेल पाठवली आहे, इंग्रजीत, शेजारच्या मुलाकडून तपासून घेऊन. तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्या शाळेतल्या वर्गशिक्षकांचे नाव काय? तुझ्या आधी जी मुलगी तिथे गेली होती तिने कुठवर शिकवले? आणि तू निघाल्यावर सोमवारी त्या वर्गावर कोण असेल? फी घेणाऱ्या कंपनीला हे विचार आणि मला कळव, असे लिहिले आहे. कंपनीकडे ही उत्तरे असतील तर मी माझे पेन्शन मोडून तिला स्वाहिलीचे वर्षभराचे शिक्षण देईन, मग पुढच्या वर्षी जा, वर्षभर राहा. भाच्याचा काल रात्री फोन आला होता, जरा घुश्शातच होता. पोरीने मात्र लिहिले आहे, "आत्याआजी, मी कंपनीला विचारले, त्यांनी मला माहितीपत्रक पुन्हा पाठवले."